मृगात घे

दोन सरी पडल्या की माझ्या ठेल्यापुढं गाड्यांची रांग लागते. "धम्माभाऊ, वायपर फराटे मारून राहिले, समोरचं काही दिसत नाही." अरे बाप्पा, सालभर तो रबर काचेवर उन्हात भाजत पडला होता, तेव्हा तू कुठं होता? मी असं तोंडावर बोलतो. नंदनवनच्या चौकापाशी माझा टिनाचा ठेला आहे. सीटकव्हर, हॉर्न, गाडीतल्या मॅट, वायपर, असं बारीकसारीक सामान ठेवतो. तोंड माझं कडू आहे, हे साऱ्या वस्तीले माहीत आहे. पण हा माणूस गरज नसलेला माल कोणाच्या गळ्यात मारत नाही, हेही माहीत होतं.

होतं म्हणतो. एप्रिलच्या आधीची गोष्ट आहे ती.

आपल्या नागपूरचं ऊन कसं असते ते काय सांगू. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहते, काच तव्यासारखी तापते, अन् वायपरचा रबर तिले चिकटून बसते. मे संपेपर्यंत तो कडक होते, त्याले भेगा पडतात. मग पाणी आलं की तो काच पुसत नाही, चोपडते. धूळ, तेल, पाणी सारं काचेवर लेपल्यासारखं पसरते, अन् समोरून एखादा लाईट आला की पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून माझा एक नियम होता. फेब्रुवारीनंतर मृग लागेपर्यंत वायपर विकायचे नाही. कोणी मागायले आलं तर सांगायचं, "आता नको घेऊ गा, मृगात घे." लोक एकमेकांले सांगत, हा धम्मा ग्राहकाले वापस पाठवते, असा दुकानदार शोधून भेटणार नाही. मले त्याचा गर्व होता. खोटं कशाले बोलू, चांगलाच गर्व होता.

नागसेन माझा लहानपणचा दोस्त. एका गल्लीत खेळलो, एका विहारात वंदना पाठ केली, मॅट्रिकले दोघंही एकाच विषयात लटकलो. त्यानं नंतर गाडी घेतली, अन् मिहानमधल्या एका कंपनीच्या लोकांची ने-आण करू लागला. त्याची बायको प्रीतीवहिनी अंगणवाडीत आहे. एकच पोरगी, दीप्ती, आठवीत. मार्चमध्ये एक अवकाळी पाणी झालं, तेव्हा हे तिघं कळमन्याकडून घरी येऊन राहिले होते. काचेवर असा चिखल चोपडला गेला की समोरचा हातठेला नागसेनले दिसलाच नाही. थोडक्यात वाचले. तेव्हापासून वहिनी त्याच्या मागं लागली होती, आधी वायपर बदला.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तो ठेल्यावर आला. निळा गुलाल अजून त्याच्या कानामागं होता.

"वायपर दे बे," तो म्हणे. "घरी रोज पंचनामा होऊन राहिला माझा."

मी गाडीपाशी गेलो, वायपर उचलला, रबरावर नख फिरवलं. मेलेला रबर होता, किनार पार झडून गेली होती. कोणत्याही दुसऱ्या दुकानदारानं तिथंच नवीन जोडी काढून लावली असती.

"आता लावशीन तर मेमध्ये त्याचा पापड होईन," मी म्हटलं. "मृगात घे."

"अन् मधात पाणी आलं तर?"

"एप्रिलमध्ये कोणतं पाणी येते बे?"

"मार्चमध्ये आलं होतं ना."

"आलं तर आलं. काचेवर तंबाखू चोळ, पाणी टिकत नाही."

हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय आहे. ओली तंबाखू काचेवर घासली की थोडा वेळ पाणी घसरून जाते, दिसते बरं. नागसेन तंबाखूले हातही लावत नव्हता, म्हणून मी माझ्याच खिशातली पुडी काढली अन् त्याच्या खिशात कोंबली. तो हसला.

"वहिनीले काय सांगू मग?"

"सांग, धम्मानं वापस पाठवलं."

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. चार वाजता दिवे लावावे लागले, एवढा अंधार. मग गारा, अन् गारांमागून पाणी. मी ठेल्यावर ताडपत्री ओढून बसलो होतो, अन् खरं सांगतो, नागसेनची मले आठवणही आली नाही. तो रिकामी गाडी घेऊन रिंग रोडनं घरी येऊन राहिला होता. रस्त्याच्या कडेले एक ट्रक बंद पडून उभा होता. तो त्याले दिसला नाही.

गाडी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनच्या आवारात पाहिली. समोरची काच ड्रायव्हरच्या बाजूनं आत बसली होती. डावीकडची तेवढी तडकून जागेवर राहिली होती, अन् तिच्यावर तपकिरी गोल गोल डाग होते. बाकीचे लोक इंजिनाकडं पाहून राहिले होते, मी त्या डागांकडं पाहून राहिलो होतो. त्यानं गाडी थांबवली होती, पाण्यात खाली उतरला होता, अन् मी सांगितलं तसं केलं होतं.

घरी आणलं त्याले, तेव्हा अंगणात पाय ठेवायले जागा नव्हती. त्याचा बाप, दादाजी, ऐंशीचा म्हातारा, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्याले दुसऱ्या कशाचा आधारच नव्हता. वहिनीनं मले पाहिलं अन् बायांमधून उठून सरळ समोर आली. रडत नव्हती ती.

"धम्माभाऊ, काल चार वाजता त्यांचा फोन आला होता," ती म्हणे. "गाडी बाजूले लावली, काचेतून काही दिसत नाही म्हणे. मी म्हटलं, महिन्यापासून सांगून राहिली, वायपर काहून नाही बदलले? तर म्हणे मी गेलो होतो, धम्मानं वापस पाठवलं. खरं आहे का हे?"

सारे माझ्याकडं पाहायले लागले. म्हाताऱ्याचा हात खांद्यावर होता.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "तो आला नव्हता."

तिनं मान हलवली, जशी काही तिले हेच अपेक्षित होतं, अन् वापस जाऊन बसली. कोणत्या तोंडानं मी ते बोललो, मले आजही समजत नाही. थोड्या वेळानं साऱ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथं, मी नुसते ओठ हलवले. शेजारच्याले वाटलं असन, दोस्त गेला म्हणून याचा गळा दाटला.

त्यानंतर मी विहारात जाणं सोडलं. घरी बायको विचारे, काहून नाही येत, तर मी तिच्यावरच खेकसत होतो. ठेल्यावर मात्र उलटं झालं. भर मेच्या उन्हात कोणी गाडी उभी केली, की मी न विचारता वायपर पाहू लागलो. रबर थोडा जरी कडक दिसला तरी म्हणायचो, बदल, आत्ताच बदल. लोक म्हणत, धम्माभाऊ आता धंदा शिकला. मी ऐकून घेत होतो.

मृग आला, गेला. विहारात पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला. ऑगस्टमध्ये एक दिवस सकाळी, पाणी थांबलं होतं तेव्हा, प्रीतीवहिनी ठेल्यावर आली. वाळून अर्धी झाली होती. मी स्टूल पुसून दिला. ती बसली नाही.

"तुमच्याकडं एक काम आहे," ती म्हणे. "दीप्ती माझ्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. एक दिवस मी रागाच्या भरात बोलून गेली, तुझा बाप शेवटच्या घडीलेही खोटंच बोलला. गेला नव्हता दुकानात, अन् धम्माभाऊचं नाव सांगत होता. वरून खिशात तंबाखूची पुडी निघाली. तेही लपवलं होतं माझ्यापासून. मले किती राग येते धम्माभाऊ, मेलेल्या माणसावर एवढा राग येते का कोणाले? त्यांचा फोटोही मी भिंतीवर लावू दिला नाही. पोट्टी म्हणते, पप्पा खोटं बोलत नाही. जेवते, शाळेत जाते, वापस येते, अन् भिंतीकडं तोंड करून बसते."

मी हातातला पाना इकडून तिकडं करत राहिलो.

"तुम्ही घरी चला," ती म्हणे. "तिच्यासमोर एकदा सांगा, ते आले नव्हते म्हणून. तुमचं ऐकन ती. तिचा अन् माझा हा वाद मिटला पाहिजे, नाहीतर पोट्टी हातची जाईन."

मी ठेला तसाच उघडा टाकून तिच्यामागं निघालो. तीन गल्ल्यांचं अंतर. वाटेत मी हिशेब करून राहिलो होतो. एक वाक्य तर आहे. एकदा बोललोच आहे, अखीन एकदा बोलायचं. माय-लेकी बोलायले लागतील. नागसेनचं काय, तो काही ऐकून राहिला नाही. खरं सांगून कोणाचं भलं होणार आहे? मनाले मी असं समजावत होतो, अन् मन मानतही होतं. एवढा हलकट माणूस मी आहे, हे मले तोपर्यंत माहीत नव्हतं.

दीप्ती खाली चटईवर गणिताची वही घेऊन बसली होती. मले पाहून उठली. तिचं नाक, कपाळ, सारं नागसेनचं आहे.

"सांगा तिले," वहिनी म्हणे.

पोरीनं मले बोलूच दिलं नाही. "काका, पप्पा आले होते ना तुमच्याकडं?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता. तीन महिने ती एकटी हे धरून बसली होती, अन् आता तिले वाटलं, साक्षीदार आला.

"आला होता," मी म्हटलं.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

"जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आला होता. वायपर मागितले. मीच नाही दिले. म्हटलं उन्हात खराब होतील, मृगात घे. पाणी आलं तर काचेवर तंबाखू चोळ, हेही मीच सांगितलं. ती पुडी माझी आहे वहिनी. त्यानं आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही. मीच म्हटलं होतं त्याले, घरी सांग धम्मानं वापस पाठवलं. तो तुमच्याशी खरं बोलला. खोटं मी बोललो, त्याच्या मातीच्या दिवशी, तुमच्या तोंडावर."

एवढं बोलून मले रडू आलं. मी खाली बसलो. कोणी मले उठवलं नाही, अन् ते बरोबरच होतं.

"मग त्या दिवशी नाही काहून म्हटलं?" दीप्तीनं विचारलं.

"भेलो बेटा. सारे पाहून राहिले होते. आजोबा जवळ उभे होते. भेलो."

मले वाटलं आता ती आईले म्हणन, पाहा, मी सांगत होती ना. पण तिनं वही उचलली अन् आतल्या खोलीत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, पहिले दबका, मग मोठा. वहिनी जागेवरून हलली नाही. मी वाट पाहत होतो. चपलेनं मारा मले, गल्लीत ओढून नेऊन साऱ्यांसमोर सांगा, मी काहीच म्हटलं नसतं. उलट मले तेच पाहिजे होतं.

मग वहिनी बोलली. आवाज अगदी साधा होता, अंगणवाडीतल्या लेकरांशी बोलते तसा.

"फोनवर त्यांनी तुमचं नाव घेतलं, तेव्हा मी काय म्हटलं, माहीत आहे? म्हटलं, धम्माभाऊवर ढकलू नका. तो माणूस तोंडाचा कडू आहे, पण खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता. अन् मी फोन कापला."

मी मान वर केली नाही.

"मग दोनदा वाजला फोन," ती म्हणे. "मी उचलला नाही. म्हटलं, येऊ द्या घरी. मग तुम्हालेच बोलावीन, त्यांच्यासमोर उभं करीन, अन् विचारीन."