उभं राहिल्यावरचा आकडा

सकाळचे साडेसहा वाजले की आई दंड पुढे करायची आणि मुलगा घड्याळाकडे बघायचा.

आधी बसून रक्तदाबाचा एक आकडा. पट्टा दंडाला गुंडाळायचा, कळ दाबायची, यंत्र घरघरत फुगायचं आणि दमून सुस्कारा सोडायचं. मग आईला उभं करायचं. एक गुडघा नाही म्हणायचा, दुसरा बघू म्हणायचा, चप्पल पलंगाखाली गेलेली असायची. टेबलाची कड धरून ती उभी राहिली की दोन मिनिटं थांबून पुन्हा पट्टा, पुन्हा घरघर, आणि उभ्याचा आकडा, उठल्यावर रक्तदाब घसरतो का ते कळायला. दोन्ही आकडे फोनवर भरले की ते शहराच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरीणबाईंकडे पोचत, आणि दर गुरुवारी दुपारी बाई स्वतः फोनच्या पडद्यावर येत.

तीन महिन्यांपूर्वी आई इस्पितळातून घरी आली तेव्हापासून हे असं चाललं होतं. त्याआधी दर पंधरवड्याला तिला दोन जिने उतरवायचे, गाडीत बसवायचं आणि चार तास बाकावर ताटकळायचं. ते सगळं टळलं. सोय चांगलीच होती. ती सोय चालवायला घरात माणूस मात्र एकच होता.

त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बहीण लांबच्या शहरात. दर फोनला म्हणायची, "दादा, तू आहेस म्हणून मी निर्धास्त." तो "हो" म्हणायचा आणि भांडी घासायला घ्यायचा.

त्याची नोकरी पाण्याचे मीटर वाचण्याची. वस्तीतली सगळी त्याला मीटरकाका म्हणत. लोखंडी झाकण उचलायचं, वाकायचं, काचेवरचा चिखल फडक्यानं पुसायचा, आकडा टिपायचा. दिवसाला सव्वाशे घरं. एखाद्या दाराला कुलूप असलं तर मागच्या महिन्यांची सरासरी टाकायची, असा कार्यालयाचा नियमच होता. पुढच्या वेळी खरा आकडा आला की चूक आपोआप भरून निघे.

एका सकाळी आई उभं राहता राहता मध्येच बसली. "आजच्या दिवस राहू दे रे," म्हणाली. त्याला उशीर झाला होता. उभ्याचा आकडा भरल्याशिवाय फोन पुढे जाऊ देईना. त्यानं मागचे चार दिवस पाहिले, त्यांच्या मधला आकडा धरला आणि टाकला. कुठं काही कोसळलं नाही. त्या आठवड्यात असं दोनदा झालं, पुढच्या आठवड्यात चारदा. मग मोजण्यासाठी उभं राहणं बंदच पडलं. हात सरावाचा होता. आकडे असे काही बेमालूम उतरत की त्याचे त्यालाही खरे वाटत.

मध्यंतरी आईचा बसल्याचा रक्तदाब थोडा चढा दिसला. उभ्याचाही तसाच लिहिलेला होता. बाईंनी रक्तदाब उतरवायची अर्धी गोळी वाढवली.

त्यानंतर आईच्या कोपरावर निळा डाग उमटला. दार लागलं, असं ती म्हणाली. त्यानं ते मानलं. मानण्यात कष्ट कमी होते.

त्या गुरुवारी तो जेवणाच्या सुट्टीत घरी आला आणि बूटही न काढता त्यानं आईपुढे फोन धरला.

"आजी, कशा आहात?"

"मी बरी आहे. हाच वाळत चाललाय. याला काहीतरी द्या."

बाई हसल्या, पण त्यांची नजर कागदावर होती. त्यांनी मुलाला सांगितलं की सतरा दिवसांत त्याच्या आईचा उभ्याचा रक्तदाब चार अंकांच्या पलीकडे हललेला नाही. "माझ्या डोक्यावरचा पंखासुद्धा याहून जास्त डुगडुगतो. आत्ता घेऊ या. मी थांबते."

फोन टेबलावर टेकवून त्यानं पट्टा बांधला. बसून एकशे चौतीस. मग आई उभी राहिली. मिनिटभरातच टेबलाच्या कडेवरची तिची बोटं पांढरी पडली. यंत्र थांबलं. वरचा आकडा ब्याण्णव! आणि आई कललीच.

त्यानं तिला वरच्यावर धरलं. धक्क्यानं फोन उताणा पडला. छताकडे तोंड करून त्यातून बाईंचा आवाज येत राहिला, शांत आणि ठाम. आडवं करा, पायांखाली उशी घ्या, बोलत राहा त्यांच्याशी. तो बोलत राहिला. काय बोलला ते त्याला नंतर आठवेना.

चेहऱ्यावर रंग परतल्यावर आई छताकडे बघत म्हणाली, "उठलं की घर फिरतं, टेकलं की घर थांबतं. पंधरा दिवस हेच चाललंय. त्या दिवशी दार नव्हतं लागलं. पडले होते, बेसिनपाशी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"परवा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून कामावर गेलास. तुला आणखी काय सांगू?"

त्यानं फोन उचलून सरळ धरला, आणि सगळं कबूल केलं. कुलपाची घरं, सरासरी, सतरा दिवस. ओरडा बसेल म्हणून मान खाली घालून बसला.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"मी इतक्या लांब बसते. आजींचं मनगट माझ्या हाताला लागत नाही. तुम्ही पाठवता तो आकडा म्हणजेच माझी बोटं. 'आज जमलं नाही' असं कळवलं असतंत, तर मी विचारलं असतं, का जमलं नाही? तुमच्या सुबक आकड्यांनी मला गप्प बसवलं, आणि मी गोळी वाढवून बसले." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही थकलात, हे का नाही कळवलंत?"

"त्याला रकाना नव्हता, बाई."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि ते समोरच्या कागदावर लिहून घेतलं. "चूक आमचीही आहे," बाई म्हणाल्या.

वाढवलेली अर्धी गोळी त्यांनी त्याच दिवसापासून बंद केली. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं, असं बजावलं. शनिवारी सिस्टर घरी येऊन बघून जाईल म्हणाल्या. आजींना यंत्र लावता येतं का, असं त्यांनी विचारताच मुलगा लगेच नाही म्हणाला.

"मला कुणी विचारलं होतं?" आई म्हणाली. "चाळीस वर्षं शिलाईयंत्र चालवलंय मी. हा एवढासा पट्टा मला जड आहे का?"

मग ठरलं. बसल्याचा आकडा आई स्वतः घेणार. उभ्याचा मात्र कुणी हाताशी असतानाच.

त्या संध्याकाळी त्यानं बहिणीला फोन लावला. ठेवणीतलं "हो" ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. "अगं, मला एकट्याला होत नाहीये," म्हणाला. एवढं वाक्य म्हणायला त्याला तीन महिने लागले होते. पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग राग. तिला वाटत होतं, दादा कुणाला हात लावू देत नाही. त्याला वाटत होतं, ती विचारत नाही. पुढच्याच आठवड्यात ती आठ दिवसांची रजा काढून आली. रोज सकाळी आईशेजारी उभी राहून तीच उभ्याचा आकडा घ्यायची. परत जाताना वर्षातले कुठले महिने आई तिच्याकडे राहणार, ते तिघांनी बसून ठरवलं.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत आता डॉक्टर पडद्यावर येतात. म्हाताऱ्या जिवांचे हेलपाटे वाचतात, ही मोठीच गोष्ट. पण त्या पडद्याला आपण दाखवू तेवढंच दिसतं. आकडा वाईट आला तर वाईटच पाठवा, राहिला तर राहिला म्हणा. आणि घरातलं एकच माणूस सगळं ओढत असेल, तर त्यानं दमलो म्हणावं, आणि बाकीच्यांनी ते त्याला म्हणू द्यावं. दमलेल्या माणसाच्या गप्प बसण्यानं एक म्हातारी बेसिनपाशी पडली होती. ती पुन्हा उठली, हे तिचं नशीब. प्रत्येक घराला ते मिळेलच असं नाही.