खडखडेराव गप्प झाले तेव्हा

मित्रांनो, जरा मान वर करा. छताच्या मधोमध लटकलेला, तीन पात्यांचा, एके काळी पांढराशुभ्र असलेला मी एक जुना पंखा आहे. खोलीत आलेली माणसं पलंग दाबून बघतात, खिडकी उघडून बघतात, नळ सोडून बघतात. माझी आठवण त्यांना होते ती घाम फुटल्यावर. पण माझी तक्रार नाही. आज मी भलताच खुशीत आहे आणि ती खुशी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्हा भावंडांना तिथे ओळीने टांगून फिरवून बघत. तपासनीस माझ्याखाली बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "याचा तर श्वाससुद्धा ऐकू येत नाही." एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही, म्हणून ते मी जपून ठेवलंय.

पुढे मी समुद्रकाठच्या एका गजबजलेल्या शहरात आलो. तिथे बारा महिने उकाडा, म्हणजे आम्हा पंख्यांना बारा महिने काम. हॉटेल छोटंसं. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत लावलं. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत टॉवेलाएवढा समुद्र दिसायचा. खाली चौक, बसथांबा, नारळवाले, आणि शेजारी ज्यूसवाल्याचा मिक्सर. एवढ्या गोंगाटातही मी गुपचूप फिरत असे. पाहुणे गाढ झोपत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

मग एका सुट्टीत एका चिरंजीवांनी पलंगावर उभं राहून चेंडू उडवला. तो थेट माझ्या पात्यावर बसला आणि पातं वाकलं. त्या दिवसापासून माझा आवाज सुरू झाला. खड-खड-खट्, खड-खड-खट्! पाहुणे मध्यरात्री उशी घेऊन खाली येऊ लागले. माझं नावच पडलं खडखडेराव. मावशी ही खोली अगदी नाइलाज झाला तरच द्यायच्या. शेवटी त्यांनी नवा पंखा आणून खोक्यासकट समोरच्या कपाटावर ठेवला. रोज मी गरगर फिरायचो आणि प्रत्येक फेरीला ते खोकं माझ्यासमोर यायचं. विचार करा, मला काय वाटत असेल!

अशात एके दिवशी मधुचंद्राला आलेलं एक जोडपं हॉटेल शोधत शोधत आमच्या दारात उभं राहिलं. नवरी खाली सामानापाशी सरबत पीत बसली आणि नवरदेव चौकाकडचीच खोली बघायची म्हणून मावशींबरोबर वर आले. डोळे लाल, केस विस्कटलेले. आल्या आल्या विचारलं, "मावशी, इथे आवाज कितपत येतो?"

मावशी ओशाळल्या. "खोटं कशाला बोलू बाबा? खाली बस थांबतात, मिक्सर चालतो. पण मागच्या बाजूला एक खोली आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"नको, नको! टाचणीची खोली अजिबात नको." मग त्यांनी वर बघितलं. "आणि हा पंखा?"

मावशींनी तोंड दुसरीकडे करून बटण दाबलं. मी श्वास रोखला, पण व्हायचं ते झालंच. खड-खड-खट्! नवरदेवांचा चेहरा असा उजळला, जणू खोलीत दिवाच लागला. "हीच खोली द्या," ते म्हणाले. मावशी बघतच राहिल्या.

त्या खाली गेल्या तसा नवरदेवांनी फोन लावला. "ताई, मिळाली एकदाची! सकाळपासून हॉटेलं पालथी घातली. समुद्राकाठची मेली सगळी शांत!"

पलीकडून ताईचा आवाज आला, "अरे वेड्या, सरळ सांगून टाक ना तिला!"

"काय सांगू? तुझा नवरा असा घोरतो की शेजारी भिंतीवर बुक्के मारतात? होस्टेलवर कुणी माझ्याबरोबर राहायला तयार नव्हतं, ताई. लग्नघरात पाहुण्यांच्या गर्दीत खपून गेलं, प्रवासात मी जागाच राहिलो. उद्या ती बॅग उचलून माहेरी गेली तर?"

मित्रांनो, मला त्या मुलाचा एवढा कळवळा आला म्हणून सांगू! त्या रात्री मी जीव ओतून खडखडलो. माझ्या आडोशाला तो मनसोक्त घोरला, आणि नवरी शांत झोपली. ज्या आवाजाची मला लाज वाटायची, तो पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला.

सकाळी दोघं समुद्रावर गेली आणि मावशी वायरमनला घेऊन वर आल्या. "बिचारी भिडस्त आहेत. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ती परत यायच्या आत नवा पंखा लावून टाक."

वायरमन स्टुलावर चढला, मला हाताने फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "नवा कशाला, मावशी? पातं वाकलंय आणि बेअरिंग कोरडं पडलंय. इतक्या वर्षांत तेलाचा थेंब तरी घातला का कुणी?"

मावशींनी जीभ चावली. वायरमनने पातं सरळ केलं, आतली धूळ पुसली, तेल सोडलं आणि बटण दाबलं. मी फिरलो. आवाज नाही! मला खालच्या नारळवाल्याच्या सुऱ्याचे घाव ऐकू आले, पडद्याची सळसळ ऐकू आली. मावशींनी कपाटावरचं खोकं खाली नेलं. आनंदाने मला रडू येणार होतं. आणि तेवढ्यात मला नवरदेवांची आठवण झाली.

दुपारी दोघं पायाला वाळू घेऊन परतली. नवरदेवांनी बटण दाबलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. "हा बिघडला की काय?"

"चालतोय की," नवरी म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. का, ते मला कळलं नाही.

भर उन्हात चौक पेंगत होता. ज्यूसवाल्याने दुकान अर्धं ओढून घेतलं होतं. "तू पड जरा, मी वाचत बसतो," असं म्हणून नवरदेव खुर्चीत ताठ बसले आणि टूथपेस्टच्या खोक्यावरचा मजकूर वाचू लागले. नवरी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. शेवटी पठ्ठ्याची मान कलली, खोकं हातातून गळून पडलं, आणि सुरू झालं. थंडीत स्कूटर सुरू करताना होतो ना, अगदी तसा आवाज! मी परत खडखडायचा खूप प्रयत्न केला. पातं आपटायला पाहिलं, अंग थरथरवून पाहिलं. छे! वायरमनने काम चोख केलं होतं.

नवरी उठून बसली. नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, संपलं सगळं. बॅग निघणार. पण ती हसली, हळूच उशी त्याच्या खुर्चीच्या बाजूला ओढली आणि डोळे मिटले. दोन मिनिटांत ढाराढूर झोप!

ऊन कललं तसे नवरदेव दचकून जागे झाले. पाठोपाठ तीही उठली. "मी झोपलो होतो?" त्यांनी घाबरत विचारलं. "काही... ऐकलंस?"

"ऐकलं ना. म्हणून तर झोप लागली. आमचं घर छापखान्याच्या वर. रात्रभर खाली यंत्रं चालायची, त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. छापखान्याला सुट्टी असली की आम्ही सगळे टक्क जागे. शांत खोलीत मला झोपच येत नाही रे. मीच तुला सांगायला लाजत होते."

"म्हणजे काल मी एकेक शांत हॉटेल नाकारत होतो तेव्हा..."

"तेव्हा मी मनातल्या मनात तुझे आभार मानत होते!"

दोघं पोट धरधरून हसली. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. "आज पंख्याचा त्रास नाही ना? झोप लागली का शांत?" त्यांनी कौतुकाने विचारलं. त्यावर दोघं पुन्हा अशी हसली की मावशींना काही कळेना. शेवटी सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याही हसत सुटल्या.

मित्रांनो, पंख्याला अधूनमधून तेल घाला, धूळ पुसा, आणि त्याच्याखाली चेंडू खेळू नका, एवढी माझी विनंती आहे. आम्ही कुरकुरतो ते हौसेने नाही, दुखतं म्हणून. पण एखादं माणूस आपलं काही लपवून झोपेविना बसलेलं दिसलं, तर तिथे तेलाचा उपयोग नाही. त्याच्याजवळ बसा आणि विचारा.

आणि मी आज एवढा खुशीत का, ते राहिलंच! काल ती दोघं पुन्हा आली. हट्टाने हीच खोली मागितली. या वेळी बरोबर तान्हं बाळ होतं आणि ते रडून रडून खोली डोक्यावर घेत होतं. अंगाई झाली, खुळखुळा झाला, काही चालेना. शेवटी आई म्हणाली, "अहो बाबा, झोपा बघू आता तुम्ही." बाबा आडवे झाले. पाचव्या घोरण्याला बाळाचं रडं थांबलं, सातव्याला डोळे मिटले. मी वरून दोघांना वारा घालत होतो, बिलकूल आवाज न करता.