क्रॅबट्रीचे गोडवे

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एका बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत दर मार्चमध्ये एका शनिवारी दहा जण जमत आणि बेसबॉलचे खरेखुरे खेळाडू आपापल्या कागदी संघांत वाटून घेत. पुढे मोसमभर ते खेळाडू मैदानात जे काही दिवे लावत, त्याचे गुण इकडे मिळायचे. एक नियम मात्र कडक होता: लागोपाठ दोन वर्षं जो तळाला, त्याची खुर्ची गेली.

लॉर्ना डीच मागच्या वर्षी तळाला होती. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून घरी बसल्यापासून तिला या खुर्चीइतकं प्रिय दुसरं काही उरलं नव्हतं. आणि खुर्चीच्या रांगेत पहिला उभा होता तिचाच जावई, ब्रेंट.

तिचं घोडं पेंड खायचं ते राखीव पिचरपाशी. सामना हातात आला की शेवटी चेंडू टाकायला येऊन तो राखून देणारे हे गडी. जितके सामने राखले तितके गुण. लॉर्ना मोठ्या नावाला भुलायची, आणि जून उजाडेपर्यंत त्या नावाच्या जागी भलताच कोणी आलेला असायचा. या हिवाळ्यात मात्र तिने वहीच घातली. कोण किती जणांना बाद करतो, किती जणांना फुकट सोडतो, सगळं ताडून पाहिलं. त्यातून तिला टोबिन लारू सापडला. गडी आपल्या संघात अजून दुसऱ्या नंबरवर होता, पण पहिल्या नंबरवाल्याचा खांदा जायच्या बेतात होता.

एवढं गुपित पोटात ठेवायचं, तर तोंडाने दुसरं काही बोलायला हवं. निवडीआधी एकमेकांना थापा मारायची तिथे रीतच होती. दर रविवारी जेवताना ती जावयापुढे डेल्बर्ट क्रॅबट्री या अडतीस वर्षांच्या राखीव पिचरचे गोडवे गायची. ब्रेंट ते गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या, व्हर्नच्या, कानी घालणार याची तिला खात्री होती.

निवडीच्या दिवशी बाराव्या फेरीत लॉर्नाची पाळी आली. लारू अजून शिल्लक होता. शेजारी बसलेल्या व्हर्नने डिवचलं, "बोल बाई, आता कोण?"

थाप हाडीमाशी खिळली होती. "क्रॅबट्री, दुसरा आहे कोण?" ती बोलून गेली.

पाळीवर उच्चारलेलं नाव पक्कं, हा तिथला कायदा. फळा सांभाळणाऱ्या ओडेलने चिठ्ठी चिकटवलीसुद्धा. लॉर्नाने मनातल्या मनात कपाळ बडवलं. व्हर्ननेही टेबलावर मूठ आपटली, कारण क्रॅबट्रीवर त्याचा डोळा होता. चिडून त्याने आपल्या पाळीला यादीतलं पुढचं नाव उचललं, आणि ते नेमकं लारूचं निघालं.

पिझ्झ्याच्या सुट्टीत लॉर्ना एकटीच कोपऱ्यात जाऊन बसली. तेवढ्यात व्हर्न खुर्ची ओढून जवळ बसला. क्रॅबट्री मला दे, म्हणाला, बदल्यात माझा कुठलाही राखीव पिचर घे. लॉर्नाने भरपूर आढेवेढे घेतले, उसासे टाकले, तुझी पोरं माझ्याच बसने शाळेत गेली म्हणून ऐकते, असंही म्हणाली आणि लारूच्या नावावर बोट ठेवलं.

"मग जूनमध्ये रडू नकोस," व्हर्नने बजावलं.

ब्रेंट तिला न्यायला आला. गाडीत बसेपर्यंत तिने हसू कसंबसं दाबून धरलं होतं.

"मॉम, लारू मिळाला का?" त्याने विचारलं.

लॉर्नाचं हसू जागच्या जागी थांबलं. ते नाव तिने त्याच्यापुढे कधीच काढलं नव्हतं. तुला कोणी सांगितलं, असं तिने दरडावून विचारलं.

"टीव्हीवर क्रॅबट्री आला की तुम्ही भांडी घासायला उठता. लारू आला की हातातली बशी हातातच राहते. व्हर्नला क्रॅबट्रीचं कौतुक मी मुद्दामच सांगत होतो. वर माझं तिखटमीठ लावून."

"अरे, पण मी पुन्हा तळाला गेले असते तर खुर्ची तुझीच होती."

"होती ना. मग रविवारी जेवताना मला थापा कोणी मारल्या असत्या?"

चार वर्षं लॉर्नाने या पोराला लेकीखातर सोसलं होतं. आज पहिल्यांदाच तो तिला मनापासून आवडला, आणि तिने ते त्याला तिथल्या तिथे सांगूनही टाकलं.