भिंतीपलीकडचा हीटर

मॉनिटर घरात येऊन चार दिवस होत नाहीत तोच त्यावरचं चित्र थरथरायला लागलं, आणि दिगंबर खांबेटे मनातल्या मनात खूश झाले. कारखान्याच्या टेस्टिंग विभागात ते फोरमन होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधले दोष हुडकायचे आणि मग कागदावर सही करायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. घरात मात्र हुडकायला काही उरलं नव्हतं. मिक्सर, इस्त्री, पंखे, सगळं बिघडायच्या आधीच त्यांनी उघडून पाहिलेलं असायचं.

कॉम्प्युटर आणला मुलाने, उदयने. दिवाळीत तो पुण्याहून आला, पुढच्या खोलीत भिंतीला टेबल टेकवून त्याने यंत्र मांडलं, आईला ईमेल करायला शिकवलं आणि हबीबगंज स्टेशनवरून गाडी पकडून परत गेला. भिंतीपलीकडे सरवट्यांचं क्वार्टर. कमलिनीबाई दोन दिवसांत शिकल्या. खांबेट्यांनी शिकायचं टाळलं होतं, पण चित्र हलायला लागल्याबरोबर यंत्राचा ताबा त्यांच्याकडे गेला.

त्यांनी केबल काढून घालून पाहिली. प्लग बदलला, स्टॅबिलायझर बदलला, पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. चित्र हलायचं थांबलं नाही, आणि मग आपोआप थांबलं. शेवटी स्कूटरवर कमलिनीबाईंच्या मांडीवर मॉनिटर देऊन ते अरेरा कॉलनीतल्या दुकानात गेले. दुकानदाराने तो दोन तास चालवून दाखवला. "साहब, यहाँ तो पत्थर की तरह खड़ा है," तो म्हणाला. घरी आणल्यावर संध्याकाळी साडेसहाला पुन्हा थरथर सुरू.

आता खांबेट्यांनी साठलेली रजा टाकली आणि रजिस्टर काढलं. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, थरथर कमी की जास्त. नऊ दिवस नोंदी केल्या. पहाटे नोंद करता यावी म्हणून ते पाचला उठून कॉम्प्युटर लावून बसत. कमलिनीबाईंना आपला एक ईमेल धड वाचता येईना. दहाव्या दिवशी चष्मा शोधता शोधता त्यांची नजर उघड्या रजिस्टरवर गेली.

"पाच ते साडेसहा, पावणेअकरा ते बारा, संध्याकाळी साडेसहा ते आठ," त्यांनी वाचलं. "अहो, या तर शकुंतलावहिनींच्या डब्यांच्या वेळा."

नऊ दिवसांचा अभ्यास बायकोने चष्म्याशिवाय सोडवला, हे खांबेट्यांना लागलं. पण बाई बरोबर होत्या. शेजारचे मोहन सरवटे गेल्या वर्षी हृदयविकाराने नोकरीत असतानाच गेले. तेव्हापासून शकुंतलाबाई कारखान्यातल्या आठ ट्रेनी मुलांना डबे देत होत्या. नवऱ्याच्या जागी नोकरी मिळावी म्हणून त्यांचा अर्ज वर गेला होता, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत क्वार्टरमध्ये राहायची परवानगी होती. बारा वर्षांची मीना आणि त्या, दोघींचं सगळं त्या एका फायलीवर टांगलेलं होतं.

शेजारी हीटरवर स्वयंपाक होतो म्हणून इकडचं चित्र हलतं, इथवर ठीक. पण नुसत्या हीटरने असं होत नाही, हे खांबेट्यांना पक्कं ठाऊक होतं. तारेतून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं आणि त्याने मॉनिटरवरचं चित्र हलतं, पण वीज घेऊन जाणारी तार आणि परत आणणारी तार शेजारी शेजारी असल्या की एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकते. इथे पुसला जात नव्हता, म्हणजे भिंतीत एकच तार होती. वीज मीटरच्या आधीच उचललेली, आणि परतीची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मीटर आले त्या साली ही युक्ती घरोघरी चालायची. मीटरला पत्ता लागत नाही, वीज पाइपातून जमिनीत जाते.

"मोहनचंच काम," खांबेटे म्हणाले. "त्याचा हात पहिल्यापासून ढिला. म्हणून तर स्टोअरमध्येच राहिला."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये," कमलिनीबाई म्हणाल्या.

यंत्र समोरच्या भिंतीला हलवलं की थरथर गेली असती आणि विषय संपला असता. दुसऱ्या कोणी तेच केलं असतं. पण त्याच आठवड्यात टाउनशिपमध्ये जुने लोखंडी पाइप उखडून प्लॅस्टिकचे टाकायचं काम सुरू झालं होतं. मजूर बारा नंबरच्या ब्लॉकपर्यंत आले होते, खांबेट्यांचा ब्लॉक चौदा. जमिनीतलं लोखंड तोडून प्लॅस्टिक जोडलं की विजेला जमिनीत जायची वाट राहणार नव्हती. मग घरातला पाइप आणि नळ पूर्ण दाबाने जिवंत होणार, आणि हीटर चालू असताना नळाला हात लावणारी बाई जागच्या जागी जाणार.

त्यांनी इस्टेट ऑफिसला पत्र लिहिलं. असला प्रकार त्यांनी आयुष्यात तोंडी कधी हाताळला नव्हता. कैलासवासी मोहन सरवटे यांनी केलेली धोकादायक व नियमबाह्य जोडणी, असं स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही केली.

"आणि वहिनींची फाईल?" कमलिनीबाईंनी विचारलं. "वीजचोरी निघाली तर त्यांना नोकरी देतील का ते?"

"मग काय, मरू द्यायचं?"

"मी असं कुठे म्हटलं? आधी तिच्या घरी जाऊन ते काढून तर टाका. पत्राचं मग बघा."

पत्र खिशात घालून, टेस्टर आणि पक्कड घेऊन खांबेटे दुपारी तीनला शेजारी गेले. मोहनच्या तेराव्यानंतर ते त्या घरात गेले नव्हते. शकुंतलाबाई उज्जैनच्या, लगबगीने खुर्ची पुढे करत म्हणाल्या, "बसा न भाऊजी. चहा टाकते. आज कशी काय याद आली?"

रागावायचं नाही, मोहनला नावं ठेवायची नाहीत, असं खांबेटे ठरवून आले होते. "वहिनी, मला जरा तुमचा हीटर बघायचाय. नळाला कधी झिणझिण येते का?"

"येते न. उन्हाळ्यात जास्त मारतो. आता आदत झाली, मी लाकडी पाटावर उभी राहूनच भांडी घासते. मीनालापण सांगून ठेवलंय."

मीटरवरचं मेन बंद करून भागणार नव्हतं, कारण ही तार मीटरला विचारून आलेलीच नव्हती. खांबेट्यांनी खांबावरून येणाऱ्या लाइनचा जिन्याखालचा फ्यूज काढला, मग ओट्याखाली वाकले. हीटरची एक तार भिंतीत शिरली होती, दुसरी पाइपाला घट्ट आवळली होती. जोडावर सुती पट्टी गुंडाळलेली होती. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा, वर तपकिरी व्हार्निश, आणि पट्टीचं टोक गाठ न मारता शेवटच्या वेढ्याखाली सरकवलेलं. इतकं देखणं काम मोहन सरवट्यांच्या हातून सात जन्मांत झालं नसतं. पट्टीचं टोक असं सरकवायला कारखान्यातले सगळे अप्रेंटिस एकाच माणसाकडून शिकले होते.

खांबेट्यांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

"तुम्हीच नाही का? मी मीनाला घेऊन माहेरून आली तेव्हा. बाळाला गरम पाणी लागेल म्हणून तुम्ही एका दुपारी येऊन करून दिलं. पेढेपण नाही घेतले." शकुंतलाबाई हसल्या. "करंट मारायचा तर मी ह्यांना हजारदा बोलली, कोणाला तरी दाखवा. हे म्हणायचे, खांबेटेसाहेबांनी केलंय, त्यात काय बघायचं. तुझाच वहम आहे."

खांबेट्यांना ती दुपार आठवली. मीटर बसवले म्हणून सगळी टाउनशिप कंपनीवर खवळली होती, आणि त्या रागात ते पक्कड घेऊन दारोदार फिरले होते. कोणाकडून काही घेतलं नव्हतं, याचा तेव्हा अभिमान वाटायचा. पुढल्या वर्षी फोरमन झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घरातली जोडणी एका रविवारी गुपचूप काढून टाकली. इतरांची काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बारा वर्षं ही बाई पाटावर उभी राहून भांडी घासत होती, आणि तिचा नवरा त्यांच्या नावावर विश्वास ठेवून मेला. त्यांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी दोन्ही तारा कापल्या आणि पाइप मोकळा केला. "संध्याकाळचे डबे आमच्या गॅसवर करा," ते म्हणाले. "उद्या मी मीटरवरून नीट लाइन ओढून देतो. वहिनी, माझं चुकलं. फार चुकलं." पत्रातलं नाव आता बदलावं लागणार होतं.

"अहो, तुम्ही तर मदतच केली होती. आणि आमच्या एकट्याकडे कुठे?" शकुंतलाबाई बोटं मोजू लागल्या. "चितळ्यांकडे केलं, वरती नायरकडे, तेरामध्ये गुप्ताजींकडे, बारामध्ये पांडेजींकडे. पांडेजी तर रिटायर होऊन गावाला गेले. आता तिथे कोणी नवीन आलेत."

बारा नंबर ऐकताच खांबेटे उठले. चहा राहूनच गेला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते पक्कड हातात घेऊन भर रस्त्यातून पळाले. लोकांनी वळून पाहिलं.

बारा नंबरसमोर चर खणून बुजवलेला होता. जुन्या लोखंडी पाइपांचा ढीग कडेला पडला होता आणि मजूर पुढच्या ब्लॉकसमोर कुदळी चालवत होते. पांड्यांच्या जुन्या दारावर खांबेट्यांनी दोन्ही हातांनी थापा मारल्या. बऱ्याच वेळाने एका तरुण बाईने दार उघडलं. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. आतून डाळीला फोडणी दिल्याचा वास येत होता.

"जी, किससे काम है?"

खांबेटे तिच्या हातांकडे बघत होते.

"बहनजी, नल को हाथ मत लगाइए," ते म्हणाले. "मैं चौदह नंबर का खांबेटे. आपके घर में मैंने बारह साल पहले एक काम किया था. वो गलत है."