दोन्ही पत्रांवर एकच सही

वाचकहो, खरं सांगा, तुम्हीही हे करता की नाही? दोन शब्द टाकायचे, एआयकडून झोकदार मजकूर काढायचा आणि न वाचताच पाठवून मोकळं व्हायचं! खालापूरच्या एका कारखान्यातली सुचेताही तेच करायची. साडेचारशे कामगार, आणि एचआरची सगळी पत्रं लिहायला ही एकटी. एआय आल्यापासून तिचा जीव भांड्यात पडला होता.

एके दुपारी वॉचमन साईनाथचा फोन आला. "मॅडम, गेटवर एक मुलगी आलीय. आत या म्हटलं तर येत नाही."

सुचेता बाहेर गेली. अठराएक वर्षांची पोर, डोळे रडून सुजलेले. सुचेतानं तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तशी ती मागं सरली.

"शिवू नका मॅडम, आमाला सुतक हाय. मी सुरभी, पॅकिंगमधल्या हिरामणची पोरगी. कडाववरनं आले. माझी आई गेली. आज नववा दिवस."

तिनं लांबूनच मोबाइल दाखवला. पहिलं पत्र आठ दिवसांपूर्वी कारखान्याच्या ग्रुपवर आलेलं : 'सुंदराताईंच्या दुःखद निधनाने आम्हा सर्वांना तीव्र धक्का बसला आहे. या कठीण प्रसंगी संपूर्ण कारखाना आपल्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे.' दुसरं कालचं : 'आपण विनापरवानगी सलग सात दिवस गैरहजर आहात. सबब आपण स्वेच्छेने नोकरी सोडली असे समजून आपले नाव कमी करण्यात येत आहे.'

"दोन्हीखाली तुमचीच सही हाय मॅडम!" सुरभीचा आवाज फुटला. "बाबा कालपासनं जेवले नायत. म्हणतात, सोळा वर्षं कधी खाडा केला नाय, नि मी काम टाकून पळालो? तुमाला तर म्हायती होतं ना आई गेल्याचं?"

"पण... रजेचा अर्ज नव्हता गं."

"सुतकात कोण अर्ज घेऊन येतंय? बाबांनी सुपरवायझरला सांगितलं होतं. आमच्यात सगळे तसंच सांगतात."

सुचेताला आठवलं. हिरामणची बायको गेल्याचा सुपरवायझरचा फोन आला होता खरा. तिनं सुंदराचं नाव एआयला देऊन शोकपत्र काढलं होतं आणि पुढच्या कामाला लागली होती. आठवड्यानं गैरहजरांची यादी आली, तीही तिनं अख्खीच्या अख्खी एआयला दिली. दोन्ही पत्रांवर सही केली. वाचलं मात्र एकही नव्हतं!

ती तशीच साहेबांकडे गेली. "एकदा काढलेलं पत्र असं मागं घेता येत नाही," साहेब म्हणाले. सुचेता खुर्चीवरून हललीच नाही. अखेर साहेबांनी मान डोलावली.

संध्याकाळी भिसेगावला घरी आल्यावर तिनं सगळं सासऱ्यांच्या, नानांच्या कानावर घातलं. नानांचा उभा जन्म सरकारी कचेरीत नोटिसा काढण्यात गेला होता.

"नाना, त्या एआयनं घात केला हो माझा!"

"त्याला कशाला दोष देतेस? हिरामणची बायको गेली हे त्याला कोण सांगणार? तुला ठाऊक होतं, आणि तूच विसरलीस."

"दिवसाला पन्नास पत्रं असतात, नाना!"

"तुला पन्नास असतील. हिरामणला एकच आलं ना? अगं, मीही नोटिसा काढल्या, कडक काढल्या. पण सही करण्याआधी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं वाचायचो. तो माणूस तिथं बसलाय असं समजून. निम्म्या नोटिसा तिथंच फाडल्या मी! मजकूर कोणीही लिहो, सुचेता. सही तुझी आहे."

दुसऱ्या दिवशी, दहाव्याला, सुचेता नदीकाठी पोचली. पिंड मांडून तास उलटला होता. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही खाली उतरत नव्हता.

"बोल रं हिरामण," थोरला भाऊ कळवळून म्हणत होता. "तिचा जीव पोरीत अडकलाय. पोरीला शिकवीन म्हण!"

"कसं म्हणू, दादा? नोकरी नाय राहिली. जाताना तरी तिच्याशी खोटं बोलू काय?" हिरामण हमसून हमसून रडू लागला.

सुचेता पुढं झाली. स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं : 'हिरामण, तुमची नोकरी कायम आहे. चूक माझी होती. मला माफ करा.'

हिरामणनं डोळे पुसले. "मॅडम, सुंदरासाठी लिवलं होतंत, ते तरी वाचलं होतंत का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," सुचेता म्हणाली.

तो पिंडाकडे वळला, हात जोडले. "सुंदरा, पोरीला शिकवीन गं. आता खरं सांगतोय."

सगळे झाडाकडे बघत राहिले. कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवावा लागला.

हिरामण चौदाव्या दिवशी कामावर आला. त्याची नोकरी वाचली, सुरभीचं कॉलेजही सुरू राहिलं. पण कावळा शिवला नाही, म्हणजे बायको मनात घोर घेऊनच गेली, हे त्याच्या मनातून कोण काढणार? मागं घेतलेल्या पत्रानं ते निघत नाही हो!

सुचेता आजही एआयकडून पत्रं लिहून घेते. मात्र तिच्या टेबलासमोर आता एक रिकामी खुर्ची असते. सही करण्याआधी ती त्या खुर्चीला प्रत्येक पत्र वाचून दाखवते. तुम्हीही वाचा. लिहायला यंत्र आहे, पण ज्याच्या दारात ते पत्र पडतं तो माणूस आहे. आणि त्याला उत्तर द्यायला यंत्र येणार नाही, तुम्हालाच जावं लागेल.