बारमाही प्रवाह

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा पाऊस बहुतेक जुन्याच जिल्ह्यात राहिला. मुरुडजवळच्या ग्यानोबाच्या गावात विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या. अशात दुष्काळाचा छापील फॉर्म आला. तलाठी रजेवर होता, म्हणून तो भरायचं काम गावच्या लाइनमनकडं, म्हणजे ग्यानोबाकडं आलं.

फॉर्मात विचारलं होतं, ‘गावात बारमाही प्रवाह आहे काय?’

ग्यानोबाची छाती फुगली. ट्रेनिंगमध्ये विद्युतप्रवाहाचा अख्खा धडा त्यानं तोंडपाठ केला होता. प्रवाहावर बोलायचा हक्क उभ्या गावात त्याच्याशिवाय कुणाला होता? त्यानं ऐटीत लिहिलं, ‘आहे. जोरदार आहे. हात घातल्यास माणूस वाचत नाही.’

गावाचा टँकर रद्द झाला. आठवड्यानं त्याच्याऐवजी मासेपालन योजनेची गाडी आली. तिच्या टाकीत माशांची दहा हजार पिल्लं होती.

“प्रवाह कुठंय?” गाडीतून उतरलेल्या साहेबानं विचारलं.

ग्यानोबानं विजेच्या खांबाकडं बोट दाखवलं. साहेब बराच वेळ वर बघत राहिला. मग फाइल उघडून म्हणाला, “कागदावर प्रवाह हाय. पिल्लं सोडल्याशिवाय मला परत जाता येत न्हाई.”

तेवढ्यात ग्यानोबाची चुलती चांगुणाबाई घागर घेऊन पुढं आली. तिच्यामागं सगळं गाव रांगेत उभं होतं.

“ग्यानोबा,” ती म्हणाली, “मासे घाल तुज्या तारंवर वाळत. त्या टाकीची तोटी तेवढी हिकडं फिरव.”