अर्थ सांगणारा

चष्मेवाल्यानं पाळकसाहेबांच्या चष्म्याची दांडी उलटी धरली, स्क्रू अर्धा वळसा आवळला आणि चष्मा परत दिलाच नाही. हातातच ठेवला.

"आज तिला बोलू द्या," तो म्हणाला.

उपासनेला दहा मिनिटं होती. चर्चच्या मागच्या खोलीत खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि चष्म्याशिवाय पाळकसाहेब त्या खुर्च्यांकडेच बघून बोलत होते.

"तुमच्या बायकोला मी कुठं अडवतोय? नियम तुम्हीच वाचून दाखवलात. प्रार्थनेत कुणाला न कळणाऱ्या अन्य भाषेत बोलायचं तर अर्थ सांगणारा पाहिजे. नसेल तर मनातल्या मनात."

"आधी कोण विचारत होतं अर्थ?"

"आधी कुणी इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं." पाळकसाहेबांनी हात पुढे केला. "अर्थ सांगायचं दान मागून घ्या देवाकडे. मागायला कुणाची ना नाही. चष्मा द्या आता."

तेच तर. आठ आठवडे तो मागत होता. रोज सकाळी, दुकानाचं शटर वर करायच्या आधी, हातात कुलूप धरून. काही आलं नव्हतं. या मंडळीत कुणाला काय नाही मिळालं! बसड्रायव्हरला संदेश येतात. नर्सबाईंनी हात ठेवला की पाठदुखी जाते, निदान लोक म्हणतात तरी. एक जण तर सभेत डुलक्या काढतो आणि जागा होऊन म्हणतो, दर्शन झालं. आणि ह्याला काय येतं? वाचता येतं. दर रविवारी पुढे जाऊन बायबलमधला नेमलेला भाग वाचायचा, स्वच्छ आवाजात, एक स्वल्पविराम न गिळता.

आठ आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारीही तसाच वाचला होता. यादीत पौलाच्या पत्रातला तो नियमाचा अध्याय आला होता. आदल्या दिवशी दुकानात त्यानं तीनदा सराव केला. बायको समोर बसून भिंगं पुसत होती. तिन्ही वेळा तिनं ऐकलं, एक अक्षर काढलं नाही. मग चर्चमध्ये त्यानं वाचलं, पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद.

घरी येताना एवढंच म्हणाली, "छान वाचलंत आज."

घरात तर ती दोन वर्षांपासूनच बोलत नव्हती. म्हणजे बोलायची. "डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय." "जेवण झाकून ठेवलंय." असलं. मुलगी स्वतःच्या मनानं लग्न करून दारात आली आणि "तुझं या घरात काही राहिलं नाही" म्हणून त्यानं दार लावून घेतलं, तेव्हापासून. बायको भांडली नाही. पुढच्याच महिन्यात प्रार्थनेच्या वेळी ती उभी राहिली आणि कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलायला लागली. आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं. तो शेजारी बसून ऐकायचा. कळायचं काहीच नाही. पण आवाज तोच होता, लग्नाआधी जिन्यात उभं राहून तासन्‌तास गप्पा मारायची तेव्हाचा. तेवढ्यासाठी तो रविवारची वाट बघायचा. आणि तेवढंही त्यानं स्वतःच वाचून बंद पाडलं.

प्रार्थनेची वेळ आली. सगळ्यांनी डोळे मिटले. बायकोचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढच्या बाकाचा सुटलेला रंग ती नखानं खरवडत होती.

चष्मेवाला उठला.

"बोल तू," तो म्हणाला. जरा मोठ्यानंच. "अर्थ मी सांगतो."

सगळ्यांचे डोळे उघडले. वाक्य संपायच्या आधीच आमेन म्हणणाऱ्या आमेनमामांनी सवयीनं "आमेन!" ठोकून दिलं. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं, मग मान हलवली.

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. खोटी सही असलेल्या कागदाकडे बघावं तसं. मग उठली.

ती बोलली. बंद खोलीत कुणीतरी तावातावानं बोलतंय आणि आपण बाहेर उभे, तसं. तो कान देऊन उभा होता. आता येईल. आता येईल. एक शब्द आला नाही. ती थांबली, खाली बसली आणि सगळं चर्च त्याच्याकडे बघायला लागलं.

समोर पुस्तक नव्हतं. नाही कळलं म्हणावं, तर ती पुन्हा गप्प, कदाचित कायमची. कळलं म्हणावं, तर देवाच्या घरात देवाच्याच नावानं खोटं. बारा वर्षं तो इथं वाचत होता, पदरचा एक शब्द घातला नव्हता.

"ती म्हणते," त्यानं सुरू केलं, "देवा, घर फार शांत झालंय."

कुणीतरी खोकललं.

"ती म्हणते, पोरगी तिकडे नीट जेवते का, हे विचारू कुणाला."

नर्सबाईंनी रुमाल काढला. इथं बसला असता तरी चाललं असतं. तो बसला नाही.

"ती म्हणते, ज्यानं दार लावलं..." इथं तो स्वच्छ आवाज गेला. पहिलीतलं पोर अक्षरं लावतं तसा तो एकेक शब्द लावत गेला. "त्याला... उघडायचंय. त्याला लाज वाटते."

"आमेन," मामा म्हणाले. पहिल्यांदाच उशिरा.

उपासना संपल्यावर बसड्रायव्हरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मिळालं की हो दान! लपवून ठेवलं होतंत होय?"

चष्मेवाला हसलाही नाही. बायबल बगलेत मारून बाहेर पडला. बायको फाटकापाशी थांबली होती. दोघं चालायला लागली. बंद दुकानांची अख्खी रांग मागे पडली.

"मला दानबिन काही मिळालेलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खोटं बोललो मी."

"पहिलं बरोबर होतं," ती म्हणाली. "तिसरं माझं नव्हतं, तुमचं होतं. दुसरं साफ चुकलं. ती चांगली दोन वेळा जेवते. गाल वर आलेत."

तो थांबला.

"तुला काय माहीत?"

"भिंगं आणायला जाते ना मी, महिन्यातून एकदा. भिंगं आणायला चार तास लागतात होय?" तीही थांबली. "एकदा तरी विचारलंत, इतका वेळ कुठं होतीस म्हणून?"

त्याला राग यायला हवा होता. त्यानं तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते भलतंच.

"माझं काही विचारते?"

"नाही," ती म्हणाली. "मीच सांगते."

कोपरा आला. घर उजवीकडे होतं. ती सरळ चालत राहिली.

"अहो, चला," मागे न बघता ती म्हणाली. "दुपारी ती कामाला निघून जाते."